टीव्हीमागचा जावई

सोमवार, ३ नोव्हेंबर

दीपा अजून झोपली आहे. झोपू दे.

शनिवारी आली ती एका पिशवीनिशी, पायात घरातली स्लिपर. दार उघडलं तर म्हणाली, "मावशी, चार दिवस राहू?" आणि उंबऱ्यावरच बसली. मनगट काळंनिळं. चहा टाकला. आमच्या घरात काहीही झालं की आधी चहा टाकतात.

काल जेवताना बोलली थोडं. डोंबिवलीच्या घरात नवऱ्याने, निलेशने, स्वयंपाकघरातसुद्धा कॅमेरा लावलाय. कामावरून फोन करून विचारतो, खिडकीत का उभी होतीस, दूधवाल्याशी एवढं काय बोलत होतीस. परवा म्हणाला, सोडून गेलीस तर शोधून काढीन, आणि मग चालत परत येणार नाहीस. हे त्याने आमटी वाढून घेता घेता सांगितलं म्हणे. आवाज न चढवता.

हा आमचा निलेश. दिवाळीला माझ्या पाया पडणारा, अख्ख्या खानदानाचे फोन दुरुस्त करून देणारा. धंदाच त्याचा तो, गोडाऊनमध्ये कॅमेरे बसवायचा. मानकोलीला निम्मा आठवडा असतो. म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

ताईला कळवायचं नाही म्हणते. सख्ख्या आईला! पण खरं आहे तिचं. ताई खारबावहून पहिला फोन जावयालाच लावील.

फॉल-पिकोच्या साड्या पडून आहेत. टीप वाकडी जाते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दीपाने फोन बंद करून रव्याच्या डब्यात ठेवलाय. दिवसभर भिंतीकडे बघत बसते. खाली रुकय्याभाभींच्या कारखान्यात कापड विणायचे लूम चालू असले की भिंत जराशी थरथरते, त्याकडे बघते की काय कोण जाणे.

शेवटी मीच म्हटलं, टीव्ही लाव बाई. गेल्या दिवाळीत निलेशने ते बोटाएवढं यंत्र आणून टीव्हीच्या मागे खुपसून दिलंय. त्याच्यामुळे नेटवरचं सगळं, फोनवरचंसुद्धा, वायरीशिवाय टीव्हीवर येतं. मला आपली भजनं आणि खांडवीची कृती एवढंच लावता येतं. दीपाने पटकन तिची मालिका शोधली. घरी अर्धी राहिली होती म्हणे, तिथूनच पुढे सुरू झाली. एक भाग बघितला. मग दुसरा. दुसऱ्यात एकदा हसली.

इतकं बरं वाटलं. मीपण बसले बघायला. सासरा फारच आगाऊ आहे त्यातला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

निलेशचा फोन. दीपा समोर भाजी निवडत होती, तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"मावशी, कशा आहात? सहज केला. दीपा आलीये का तुमच्याकडे?"

मी आपलं आधी ठरवून ठेवलेलं म्हटलं. "अरे, मी कुठे घरी? शहापूरला नणंदेच्या शेतावर आलेय. घराला कुलूप आहे. का रे, काय झालं?"

तो हसला. "मावशी, शेतावर लूम लावलेत का हो?"

लूम! माझ्या पायाखालचे लूम. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते वाजताहेत, ताटातली वाटी सरकवतात, देवाची घंटा आपोआप किणकिणवतात, आणि मला ते ऐकूच येत नाहीत. भिवंडीत कुणालाच येत नाहीत. बाहेरच्या माणसाला फोनवर पहिलं तेच ऐकू जातं. एवढी मोठी खटखट कानाशी घेऊन मी शेतावरची शांतता सांगत होते.

काहीतरी पुटपुटले, गिरणी आहे, भाताची. तो म्हणाला, "हो का. या सावकाश." आणि ठेवला.

दीपा मेथी निवडायला लागली पुन्हा. देठंच टाकत होती भांड्यात.

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एक गोष्ट कळत नव्हती. फोन त्याने मलाच का केला? ताईला नाही, दीपाच्या मैत्रिणीला नाही. आज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

टीव्ही चालू ठेवून काही लावलं नाही की त्यावर आपोआप फोटो येतात, डोंगर, तळी, बर्फ. मला आवडायचे. पिको करताना मान वर केली की कुठलं तरी तळं. आज दुपारी मान वर केली तर तळ्याच्या जागी दीपा. शालू नेसलेली, मुंडावळ्या. शेजारी तो. मागे मी जांभळ्या साडीत तोंड उघडं टाकून उभी.

मला आधी वाटलं, वा, लग्नाचे फोटो पण येतात का यात. दीपा आतून आली आणि तिने दाराची चौकट धरली.

तिने समजावून सांगितलं ते असं. यंत्र माझ्या घरात असलं तरी नाव त्याचं आहे. बसवताना त्याने स्वतःचंच अकाऊंट घातलं, "मावशी, तुम्हाला कशाला कटकट" म्हणून. मी त्याला करंजी दिली होती वर. आता त्याने त्याच्या फोनवर ज्या फोटोंची चळत करून ठेवली, ती इथे दिसते. आणि इथे आम्ही काय बघितलं, ते तिथे दिसतं. मंगळवारी दीपाने मालिका जिथे राहिली तिथून पुढे लावली. तिथे डोंबिवलीत त्याने टीव्ही उघडला असेल, तर मालिका दोन भाग पुढे गेलेली.

"मावशी, मी वेडी आहे," म्हणाली. नाही गं. कोण विचार करतं असा?

भीती वाटतेय. लिहून टाकते, म्हणजे हाताला तरी कळेल. फार भीती वाटतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लूमची सुट्टी. शुक्रवारी हे गाव एवढं शांत होतं की जिन्यात मांजर आलं तरी कळतं. एरवी मला शुक्रवार आवडतो. आज प्रत्येक पावलाला उठून दाराची कडी बघून येते.

दिवसभर आमचा वाद, तोही कुजबुजत.

मी: उपटून फेकून देते ते मेलं यंत्र.
दीपा: काढलं तर त्याला कळेल, आपल्याला कळलंय. लगेच येईल.
मी: आणि नाही काढलं तर?
दीपा: तर तो बघत बसेल. बघत असतो तोपर्यंत येत नाही तो. त्याला आधी बघायला आवडतं.

ती हे असं सांगते, जसं कुणी सांगावं की त्याला चहा कमी साखरेचा लागतो.

टीव्हीवर चादर टाकली. मग रिमोटवर माईकचं चित्र दिसलं. दीपा म्हणाली, ते बटण दाबल्याशिवाय ऐकत नाही. असेल. मी रिमोट तांदळाच्या पिंपात खोल खुपसला आणि झाकणावर पाटा ठेवला. पंधरा मिनिटांनी दोघींना हसू आलं. मग दीपा रडली.

जावई म्हणजे दशमग्रह, असं आमची आई म्हणायची. बाकीचे नऊ निदान आकाशात राहतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाजारात गेले. नवं यंत्र घ्यावं, जुन्याच्या शेजारी लावावं, दीपाने नव्यावर बघावं. जुनं नुसतं आपलं चालू राहील. असं डोक्यात होतं.

दुकानदार हिंदीत सुरू होऊन मराठीत संपणारा. काउंटरवर मांडून ठेवलं सगळं. "देखो बाई, ये वाला टीव्हीच्या मागे लागतो, रिमोट येतो. हा बिनारिमोटचा, सगळं फोनवरून फेकायचं. हा डबा मोठा हाय, पण पिक्चर एकदम मख्खन. और ये दापोड्याच्या गोडाऊनचा रिटर्न माल. खोका खुल्ला हाय, माल टकाटक."

"रिटर्न म्हणजे आधी कुणाच्या तरी घरी लागलेला?"

"लगा होगा दोन दिवस."

"मग त्यांचं नाव त्यात राहिलं असलं तर?"

"पुसून टाकायचं."

"त्यांनी पुसलं नसेल आणि मलाही पुसता येत नसेल तर? त्यांना माझं दिसेल?"

त्याने चष्मा काढला. "बाई, तुम्हाला टीव्हीच बघायचा हाय ना?"

मी म्हटलं, हो, पण एकटीने बघायचा आहे. मला असं यंत्र द्या की जे मी काय बघते ते कुणाला सांगणार नाही.

"वो तो सगळीच सांगतात. पण तुमचं सांगतात ते तुम्हालाच. अकाऊंट तुमचं असलं की झालं. फोन लाव, अकाऊंट डाल, खतम."

पर्समधून फोन काढला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. माझं अकाऊंट. ते कुणी काढून दिलं? पासवर्ड कुणी ठेवला? "मावशी, लक्षात राहील असा ठेवतो, तुमच्या बाळकृष्णाच्या नावाचा." माझा, ताईचा, भावजींचा, सगळ्यांचे त्याने ठेवलेत. घरात एक पोरगा एवढा हुशार म्हटल्यावर कुणी कशाला शिकतंय! सगळ्या घराच्या किल्ल्या आम्ही हौसेने नेऊन दिल्या त्याला, मानपानाच्या ताटात घालून.

म्हणजे मी आत्ता या दुकानात उभी आहे, हेही त्याला...

"घेताय का?" "उद्या येते," म्हटलं. फोन तिथेच बंद केला. रिक्षा न करता आडगल्ल्यांतून चालत आले. कुणापासून लपत होते देव जाणे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चादरीखाली टीव्ही चालूच होता. मला राहवलं नाही. सकाळी दीपा आंघोळीला गेली तेव्हा चादरीचं टोक उचलून बघितलं.

लग्न. गोवा की कुठे समुद्र. पुन्हा लग्न. मग एक गल्ली. मला वाटलं, ही कुठली? अशी गल्ली ओळखीची असते पण फोटोत कधी बघितलेली नसते, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही. लूमचं निळं शटर. सुताची कोनं भरलेला टेम्पो. वर खिडकी.

माझी खिडकी. आणि तिच्यात वाळत घातलेली दीपाची पिवळी ओढणी.

ओढणी मी काल दुपारी वाळत घातली होती.

खाली बसले मी जमिनीवर. समोरच्या चहाच्या टपरीवरून काढलाय फोटो. उभा राहिला, चहा प्यायला असेल, मी खिडकीत आले असेन ओढणी झटकायला. आणि वर नाही आला. फोटो काढून टीव्हीवर पाठवला, आम्हाला कळावं म्हणून.

दीपाला सांगितलं नाही. ओढणी आत घेतली. मग तिनेच विचारलं, "ओढणी का काढलीस, राहू दे ना." आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं समजलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रुकय्याभाभींकडे गेले. खालचे लूम त्यांचे, वायफाय त्यांचं, घर तर निम्मं त्यांच्याच भरवशावर. एवढ्या वर्षांत मिठापासून मयतापर्यंत सगळं एकमेकींना सांगितलेलं. हेच कसं सांगितलं नाही? लाज वाटत होती. आपल्याच जावयाची.

सगळं ऐकून म्हणाल्या, "सुमन, तू पागल हाय काय? वर काय चाललंय ते मला कळत न्हाय? तुझी मशीन बंद हाय इतके दिवस, आणि चालणारे पाय दोन माणसांचे."

"भाभी, लूमच्या आवाजात तुम्हाला माझी मशीन ऐकू येते?"

"लूमचा आवाज मला येतच न्हाय गो. बाकी सगळा येतो."

मला रडूच आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तो जड, गरम हात. त्यांची भाची वकील आहे. तिला तिथल्या तिथे फोन लावला, भाभींच्या फोनवरून. ती म्हणाली, तक्रार करू, नीट करू, पण आधी मुलगी त्या घरातून हलवा. आणि चादरीखालचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

"कुठे हलवणार?" मी विचारलं. भाभींनी सांगितलं. ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही.

संध्याकाळी फोन जरा चालू केला, तर ताईचा. "सुमे, कनाला खोटा बोलतेस गो? पोरगी तुझ्याकडंच हाय. जावई माझ्याजवल बसून रडला. जेवला न्हाय दोन दिस." मी म्हटलं, ताई, तिचं मनगट बघितलंस का? ताई म्हणाली, "होतं गो संसारात. शुक्रवारी त्याला घेऊन येते. समजूत काढू." या शुक्रवारी नको म्हटलं, पुढच्या ये. लगेच कबूल झाली. तिलाही भीती वाटत असणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गेली.

कापडाचे तागे न्यायला टेम्पो येतो तो आज शटरच्या आत उलटा घेतला, नेहमी घेतात तसाच. घरातल्या घरात मागच्या जिन्याने दीपा खाली उतरली. ताग्यांच्या मध्ये जागा केली होती. भाभी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसल्या. कारखान्यात सगळे आपापल्या लूमवर, एकानेही मान वळवली नाही. मुद्दाम वळवली नाही, ते दिसत होतं.

मी खिडकीत उभी राहून पिवळी ओढणी पुन्हा वाळत घातली. कोरडीच होती.

जाताना मिठी मारून म्हणाली, "मावशी, यंत्र काढू नको एवढ्यात." मी म्हटलं, मला शिकवू नको. डबा भरून दिला, लाडू द्यायला विसरले. दिवसभर तेच मनात, लाडू राहिले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भाभींच्या फोनवर निरोप आला, पोचली, जेवते, झोपते. वकीलबाईंबरोबर जाऊन पोलिसांत तक्रारही लिहून आली. आता थोडे दिवस त्याला ती कुठे आहे हे कळता कामा नये. एवढंच.

म्हणून ठरवलं. यंत्र राहू दे. चादर काढली. रिमोट तांदळातून काढून पुसला.

मालिका लागते ते ॲप उघडलं की आधी विचारतं, "कोण बघतंय?" खाली दोन गोल. एकाखाली निलेश, एकाखाली दीपा. मी दीपावर दाबलं. मालिका राहिली होती तिथून सुरू झाली.

आता मी रोज दुपारी दीपा होऊन बसते. ती एकावेळी दोन भाग बघायची, मीपण दोन बघते. मध्ये चहाला थांबवते, ती थांबवायची तसं. तो बघतो तोपर्यंत येत नाही, असं तीच म्हणाली होती ना. मग बघू दे. माझ्याकडेच बघू दे.

होती तेव्हा नाही म्हणाले, आता नाही तर आहे म्हणतेय. माझी जीभ झिजणार बहुतेक खोटं बोलून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाजारात काही कामाने गेले होते. दुकानदाराने लांबूनच हाक मारली, "बाई! वो रिमोटवाला तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. लेना है के नहीं?"

म्हटलं, "नको. आहे तेच ठेवते."

"पुराना अच्छा चल रहा है?"

"फारच."

घरी येऊन दोन भाग. सुनेने शेवटी सासऱ्याला सुनावलं. मी एकटीच "शाब्बास" म्हणाले, मोठ्याने. मग घाबरून रिमोटकडे बघितलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आले. ताई आणि तो.

लूम बंद. कारागीर आपापल्या खोल्यांवर. भाभी मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर परातभर तांदूळ घेऊन बसल्या होत्या. निवडायचे म्हणे. परातीत एक खडा नव्हता.

मी जाळीचं दार उघडलंच नाही. टीव्ही आजच्यापुरता आतल्या खोलीत नेऊन मालिका लावून ठेवली होती, आवाज बाहेर जाईल एवढी. सुट्टीच्या दिवशी तो जिन्यापर्यंत जातो.

ताई म्हणाली, "दार उघड गो सुमे. कुठं हाय पोर?"

"आत आहे. टीव्ही बघतेय. कुणाला भेटायचं नाही म्हणते."

"मी आई हाय तिची!"

"तुलाही नाही, ताई."

ताईचा चेहरा. माझी थोरली बहीण, तिने मला कडेवर घेऊन वाढवलं. पदर तोंडात कोंबून रडायला लागली, "बरी हाय ना गो? जेवते ना?" आणि मी जाळीच्या आतून तिला सांगू शकत नव्हते की ती इथे नाही, सुखरूप आहे, तुझी पोर सुखरूप आहे. कारण तो तिच्या खांद्याशीच उभा होता. एवढंच म्हणाले, "जेवते. पोळीबरोबर तूप मागते." हे तरी खरं असेल, अशी आशा.

तो हात जोडून उभा. इस्त्रीचा शर्ट. "मावशी, मी रागावलो नाहीये. तिला सांगा, मला घाई नाही." मग आतल्या आवाजाकडे कान देऊन हसला. "कितवा भाग चाललाय?"

"मला काय माहीत, तीच बघते."

"बरेच आहेत अजून," म्हणाला. वाकून जाळीतूनच उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला मला. भाभींच्या परातीला वळसा घालून सावकाश उतरला. खाली जाऊन वर खिडकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत दाराशी पाट टाकून बसून होते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तीन दिवस काही नाही. फोन नाही. फोटोंत पुन्हा डोंगर आणि तळी यायला लागली, लग्न गेलं, गल्ली गेली. भाभी म्हणाल्या, "थकला असेल." वकीलबाईंचा निरोप, त्याला पोलिसांचं बोलावणं गेलंय, चौकशीला.

डोंगर बघून जास्त भीती वाटते. लग्नाचे फोटो होते तोवर निदान तो काय करतोय ते कळत होतं.

आज सहा साड्या हातावेगळ्या केल्या. टीप सरळ आली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भाभी सहकुटुंब पडघ्याला लग्नाला गेल्यात. खाली शटरला कुलूप, अख्ख्या इमारतीत मी एकटी. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी इथे मशीनपाशी ऐकू येतंय.

दुपारी नेहमीप्रमाणे बसले. टीव्ही लावला, मालिका उघडली. टीव्हीने विचारलं, "कोण बघतंय?"

खाली तीन गोल.

निलेश. दीपा. आणि तिसरा नवा, जांभळ्या रंगाचा. त्याखाली लिहिलंय, मावशी.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. नाव नीट लिहिलंय, शी दीर्घ. त्याचं शुद्धलेखन पहिल्यापासून चांगलं.

त्याला माहीत आहे. आज कळलं, की दाराशी उभा होता तेव्हाच, की पहिल्या दिवसापासून? मी रोज बसून दोन-दोन भाग बघत होते आणि तो तिकडे... आणि माझ्याकडे बघत नसेल, तर आता कुणाकडे बघतोय? तिच्या इथे टीव्ही आहे का? कुणाचं अकाऊंट आहे त्याच्यावर? मी विचारलंच नाही, मला सुचलंच नाही.

समोरच्या वाण्याच्या फोनवरून भाभींना लावला. उचलत नाहीत. लग्नाच्या गडबडीत कुठे ऐकू येणार. वकीलबाईंचा लागत नाही. पुन्हा लावला. पुन्हा जाऊन लावीन.

कदाचित माहीत नसेलही. कदाचित नुसता अंदाज असेल, खडा टाकून बघत असेल मी कुठल्या नावावर दाबते ते. मी मावशीवर दाबलं तर त्याला कळेल, की घरात एकटी म्हातारीच आहे. टीव्ही बंद केला तरी कळेल. तिघांतलं एक नाव निवडायचंय मला, आणि तो तिकडे बघत बसलाय.

रिमोट दोन्ही हातांनी धरला.

दीपावर दाबलं. भाग सुरू झाला. आवाज मोठा केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "दीपा, ये गं, लागली!"